मांडव पश्चिमेला

दुपारी अडीचला संशोधन केंद्रातल्या बाईंनी मेळाव्याचा मांडव पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तसा मांडव झकास होता. कापड ताठ ओढलेलं, चारशे खुर्च्या दोरी लावल्यासारख्या सरळ, व्यासपीठावर गालिचा. फक्त तो सूर्यफुलाच्या शेताच्या पश्चिमेला होता.

"भाऊजी, मी नकाशावर फुली कुठे मारली होती?"

"पूर्वेला," मांडववाला म्हणाला. "पण वहिनी, कार्यक्रम कधी? चार वाजता. चारला सूर्य कुठे? पश्चिमेला. मग फुलांची तोंडं कुठे असणार? तू घाईत फुली चुकीच्या जागी मारलीस, मी सुधारून घेतली. आभार नंतर मान, काही घाई नाही."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. समोर चार एकरभर सूर्यफुलं मांडवाकडे पाठ करून उभी होती. एकही अपवाद नव्हता.

"अजून दीड तास आहे," मांडववाला धीर देत म्हणाला. "वळतील."

"ती वळत नाहीत हो! कळी असेपर्यंत वळतात. एकदा फुललं की फूल पूर्वेला मान धरून बसतं, मग सूर्य कुठेही जाऊ दे."

"हे तू मला कधी सांगितलंस?"

सांगायला घेतलं होतं. बाई नवी नवरी म्हणून घरात आल्या तेव्हा हा धाकटा दीर दहा वर्षांचा होता. शाळेत सूर्यफुलावर चार ओळी लिहायच्या होत्या. बाईंनी पहिली ओळ सांगितली, 'सूर्यफूल सूर्याबरोबर वळतं,' आणि दुसरी सांगेपर्यंत हे महाशय चेंडू घेऊन पसार झाले होते. एवढ्या अर्ध्या ज्ञानावर त्यांनी तीस वर्षं निभावली आणि आज नेमकं ते बाहेर काढलं.

आजचा दिवस मात्र चेष्टेचा नव्हता. बाहेरून येणारं तेल स्वस्त झालं होतं, सूर्यफुलाला भाव मिळेल की नाही कोणी सांगू शकत नव्हतं, आणि शेतकऱ्यांनी या पिकाला केव्हाच रामराम ठोकला होता. शेवटी बाईंनी एका तेलगिरणीच्या मालकाला गळ घालून कबूल करून घेतलं होतं: दोनशे एकर पेरणाऱ्या शेतकऱ्यांची नावं लिहून द्या, सगळा माल मी ठरलेल्या भावाने उचलतो. नावं आजच्या मेळाव्यात लिहायची होती. दोनशे झाले नाहीत, तर संशोधन केंद्राचे संचालक सूर्यफुलाचा विभाग बंद करणार होते. या चार एकरांवर मका येणार होता आणि बाईही मक्याकडे जाणार होत्या. मक्याशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. पण अकरा वर्षं त्यांनी जे वाण घडवलं, ते मग कपाटातल्या पाकिटांत पडून राहणार होतं.

वाणाला कागदावर लांबलचक आकडा होता. केंद्रात सगळे त्याला वाकडमानी म्हणत. दाणा भरताना त्याची मान पार खाली वाकायची आणि फुलाची पाठ घुमटासारखी फुगायची. बाईंनी अकरा वर्षं फुलांना कापडी पिशव्या बांधल्या, ब्रशने पराग लावले, कोनमापक घेऊन माना मोजल्या. नवरा म्हणायचा, "माझी मान दुखते तेव्हा कोणी मोजत नाही."

मांडव आता हलणं शक्यच नव्हतं. मांडव म्हणजे काही चटई नव्हे, गुंडाळून पलीकडे टाकायला.

चार वाजता संचालक आले. समोरचं दृश्य बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, फुलं कुठे आहेत?"

"पलीकडच्या बाजूला, सर."

"म्हणजे आपण पाठीमागे बसलोय?"

"हो."

संचालकांनी घड्याळ पाहिलं आणि सरळ व्यासपीठ गाठलं, हीच मोठी शिक्षा होती. मांडववाला एका खांबाआड उभा राहून तोच खांब पुन्हा पुन्हा आवळत होता.

खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत नेहमीप्रमाणे शंकासुर बसले. हे साठीचे शेतकरी दर मेळाव्याला येत, भाषणभर हात वर ठेवत आणि जाताना बी न घेता जात. गिरणीमालक मांडीवर वही घेऊन टेकले. संचालकांनी माईक हातात घेतला आणि बाजाराचं भवितव्य या विषयाला सुरुवात केली. मागणी, पुरवठा, आयात. तिसऱ्या आकड्याला मागच्या रांगेत जांभया सुरू झाल्या. बाईंना बसवेना आणि उठवेना.

तेवढ्यात पोपट आले.

तीस-चाळीस तरी असतील. कलकलाट करत ते डावीकडच्या जुन्या वाणावर उतरले. तुलनेसाठी ते वाण मुद्दाम शेजारी लावलेलं होतं. त्याची फुलं थोडीशीच वाकलेली, कडेवर पाय रोवून आरामात बसायची सोय. पोपटांची पंगतच बसली. एकाला मात्र तिथे जागा मिळाली नाही. तो उजवीकडे वळला आणि वाकडमानीवर बसला. दाणे होते खाली, हा वर. त्याने वाकून चोच घातली, ती पोचेना. आणखी वाकला आणि घुमटावरून घसरून थेट खाली गेला. पंख फडफडवत वर आला, पुन्हा बसला, पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी अख्खा मांडव हसत होता. संचालक आपल्या भाषणात काय विनोद झाला ते कागदात शोधू लागले.

शंकासुर उठले. हात वर न करता, परवानगी न मागता ते शेतात शिरले. जुन्या वाणाच्या एका फुलाच्या पाठीवर त्यांनी बोट टेकवलं. गेल्या आठवड्यातल्या पावसाचं पाणी त्या खोलगट पाठीत साचलेलं होतं. बोट कुजक्या गरात सरळ आत गेलं. त्यांनी ते बाहेर काढून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मग वाकडमानीच्या पाठीवर बोट दाबलं, अंगठा दाबला, टिचकी मारली. पाठ टणक होती, कोरडी होती, लिंबासारखी पिवळी होऊ लागली होती.

"बाई!" ते तिथूनच ओरडले. "ही पाठ इतकी वर्षं लपवून का ठेवली होती?"

खरंच होतं ते. दर वर्षी बाई लोकांना पूर्वेला उभं करत. लोक पिवळ्याधमक पाकळ्या बघत, फोटो काढत आणि घरी जात. पाठीसाठी अकरा वर्षं राबलेल्या बाईने लोकांना तोंडच दाखवलं होतं. मावळतीकडचं ऊन त्या हजारो फुगीर पाठींवर पडलं होतं आणि बाईंना इतका आनंद झाला, की रडावं की हसावं ते कळेना. त्या हसल्या.

बघता बघता मांडव रिकामा झाला. चारशे माणसं फुलांच्या पाठी दाबत हिंडू लागली. मग वहीभोवती गर्दी झाली. शंकासुरांनी सहा एकर लिहिले आणि दाणा किती भरतो ही शंका उद्यासाठी राखून ठेवली.

सहा वाजता गिरणीमालकांनी बेरीज केली. "एकशे अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे दोनशेच की," संचालक म्हणाले. त्यांना आता वाकडमानीचा पुळका आला होता.

"दोनशे म्हणजे दोनशे, साहेब."

बाईंनी चहूकडे पाहिलं. माणसं पांगली होती. पोपटही निघून गेले होते.

"मांडववाल्याचं नाव चालतं का?" मागून आवाज आला.

बाई वळल्या. याच्या वडिलांनी, म्हणजे बाईंच्या सासऱ्यांनी, एके वर्षी सूर्यफूल लावलं होतं. ऐन दाणा भरताना नऊ दिवस पाऊस कोसळला, पाठीत पाणी साचून अख्खं रान कुजलं. त्या दिवशी सासरे बांधावर म्हणाले होते, या घरात पुन्हा सूर्यफूल नाही. दीर मांडवाच्या धंद्यात पडला आणि त्या जमिनीत नुसतं गवत वाढलं. बाईंनी मान मोजायला घेतली ती त्याच कुजक्या रानामुळे. पण हे त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मांडववाला एका फुलाजवळून आला होता. त्याच्या अंगठ्याला पिवळट डाग होता.

"बाबांनी हे दाबून बघायला हवं होतं," तो म्हणाला. मग पेन घेऊन त्याने ठळक अक्षरात लिहिलं: तीन एकर.

बाईंचे डोळे भरून आले.

"आता रडू नकोस, वहिनी. पेरायचं कधी, कसं, सगळं सांग." त्याने एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर मांडी ठोकून बसला. "या वेळी दुसरी ओळ ऐकल्याशिवाय उठत नाही."