पातळबाबा आणि टेपची दुसरी बाजू

सभागृहात मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र झग्यातले पातळबाबा आणि त्यांच्यापुढे टेबलावर एक छोटं यंत्र. यंत्राची काच मागच्या पडद्यावर भली मोठी करून दाखवली होती. काचेच्या कोपऱ्यात बाबांचाच हसरा फोटो चिकटवलेला.

"दाट तिथे वाट नाही!" बाबा गरजले.

"पातळ तिथे काळ नाही!" सभागृहाने एका सुरात उत्तर दिलं.

शिष्याने एका शिंप्याच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचे चार थेंब यंत्रात सोडले. आकडा उमटला, ५.००. बायका चुकचुकल्या. बाबांनी डोळे मिटले, यंत्रावर अंगठा दाबला आणि अशी काही फुंकर मारली, जणू चहाच निववतायत. आकडा झाला ०.०५.

"शंभरपट पातळ!" शिष्य किंचाळला. टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

शेवटच्या रांगेत एक बाई मात्र कपाळाला हात लावून बसली होती. शिंप्याची ही धाकटी बहीण रंगाच्या कारखान्यात तपासनीस होती. रंग किती दाट, किती पातळ, हे मोजण्यात तिची सोळा वर्षं गेली होती. असलंच यंत्र रोज तिच्या हाताखाली असे.

दादाच्या पायात वर्षापूर्वी रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मला विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही." गोळ्या कशासाठी ते दादाला कळेना, तेव्हा धाकटीनेच समजावलं, "अरे, आम्ही रंगात थिनर घालतो ना, तशी ही रक्त पातळ करायची गोळी." झालं! दोन आठवड्यांपूर्वी बाबांची पहिली फुंकर बसली आणि दादाने गोळ्या कपाटात टाकल्या. रक्त शंभरपट पातळ झाल्यावर थिनर हवाय कशाला? आपलंच वाक्य असं आपल्या बोकांडी बसेल, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार?

तिला राहवेना. ती तडक व्यासपीठावर चढली.

"बाबा, मागच्या वेळी पातळ केलेलं रक्त आज पुन्हा पाचावर कसं आलं?"

"पाप साचतं, बेटी."

"बरं. मग यात साधं पाणी घालून बघू?"

"बघ की! पाणीसुद्धा माझंच ऐकतं."

तिने यंत्र पुसून पाणी सोडलं. १.००. डोळे मिटले नाहीत, फुंकर मारली नाही. बाबांचा अंगठा टेकत होता तिथलं बटण नुसतं दाबलं. ०.०१.

तिने नखाने बाबांचा फोटो खरवडून काढला आणि बटण दोनदा दाबून दाखवलं.

"नीट बघा. फोटोखाली दाटपणा कुठल्या मापात मोजलाय ते लपवलं होतं. आधी सेंटिपॉइज, बटण दाबलं की पॉइज. शंभर सेंटिपॉइज म्हणजे एक पॉइज, जसे शंभर पैसे म्हणजे रुपया. पाणी तेच, रक्तही तेच, बदललं ते माप! आणि नुसता आकडा खरा मानायचा, तर दादाचं रक्त पाण्याहून वीसपट पातळ झालंय. असलं रक्त घेऊन माणूस इथे टाळ्या पिटत बसेल का हो?"

क्षणभर वाटलं, आता लोक उठतील. उठला एकच, पुढच्या रांगेतला निवृत्त मास्तर. त्याने हात जोडले.

"धन्य धन्य! बाबांच्या यंत्राला नुसता हात लागला, तर हिच्या हातूनही पाणी पातळ झालं!"

टाळ्या आधीच्या दुप्पट पडल्या. बाबांनी हसत हसत तिच्या डोक्यावर हात ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

बाहेर आल्यावर दादा भडकला. "चार माणसांत माझी शोभा केलीस!"

"दादा, पाया पडते तुझ्या. गोळी घे."

"पातळ करायची गोळी असं तूच म्हणाली होतीस ना?"

"चुकले रे मी. ती पातळ करतच नाही, गुठळी होऊ देत नाही. सोपं करून सांगायला गेले आणि चुकीचं सांगितलं."

"आज हे, उद्या आणखी काही सांगशील," म्हणत तो चालता झाला.

तिसऱ्या दिवशी कापड बेततानाच त्याला धाप लागली. पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली होती. "प्रयत्न करतोय," एवढंच इस्पितळात डॉक्टर म्हणाले. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

दादाच्या गळ्यातली मापाची टेप नर्सने काढून धाकटीच्या हातात दिली होती. तिने ती दादाच्या मनगटाभोवती गुंडाळली.

"किती?"

"सात," मास्कमधून आवाज आला.

तिने टेप इंचांवरून सेंटिमीटरच्या बाजूला उलटी करून पुन्हा गुंडाळली. "आता?"

"अठराला जरा कमी."

"मनगट जाड झालं का रे?"

दादाने टेपच्या दोन्ही बाजूंचे आकडे बोटाने चाचपले. मग त्याचे डोळे भरून आले.

"टेप उलटवली गं त्या बाबाने, छोटे. जन्मभर हीच टेप गळ्यात घालून फिरलो आणि मलाच कळू नये? दे ती गोळी."

गोळीची वेळ निघून गेली होती. संध्याकाळी तो गेला.

"श्रद्धा कमी पडली," शेजारीपाजारी म्हणाले. पुढच्या रविवारी सभागृह पुन्हा भरलं. यंत्रावर नवा फोटो होता, पहिल्यापेक्षा घट्ट चिकटवलेला.

आता धाकटी दर रविवारी दादाची टेप घेऊन दाराशी उभी असते. येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही बाजू दाखवते. लोक वेडी म्हणून वळसा घालून जातात. काल एका म्हातारीने टेप हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, परत दिली आणि आतच निघाली.

"मावशी, जा तुम्ही, मी अडवत नाही," धाकटी मागून ओरडली. "पण गोळी सोडायची तर आधी डॉक्टरांना विचारा! आणि त्या बाबाने आकडा सांगितला, की एवढं तरी विचारा हो, पाच म्हणजे पाच काय?"