लोखंड निवताना

अग्नी शांत होऊन एक रात्र उलटली होती, तरी कापडाच्या त्या चार मजली गोदामातून दमट वाफ निघतच होती. फाटकापाशी दोन वृद्ध व्याही उभे होते. मुलीचा बाप लोहार, मुलाचा बाप ओतारी. दोघांनी आयुष्यभर अग्नीची सेवा केली. मात्र एकाने धातू कुटला, दुसऱ्याने वितळवला, आणि लग्नाच्या बैठकीपासून त्यांचे कशावरही एकमत झाले नव्हते.

आजचा वाद चेष्टेचा नव्हता. ओताऱ्याचा मुलगा इमारतींचा इंजिनियर. गोदाम उभे राहील की कोसळेल, याचा निर्वाळा त्याने दुपारपर्यंत द्यायचा होता. त्याच्या शब्दावर चाळीस हमाल आत शिरून वाचलेला माल काढणार होते. शेवटच्या पाहणीसाठी तो नुकताच एकटा आत गेला होता. त्याची बायको, लोहाराची मुलगी, हातात फोन घेऊन वरच्या काळवंडलेल्या खिडक्यांकडे बघत होती.

ओताऱ्याने राखेतला एक चंदेरी गोळा उचलून लोहाराच्या तळव्यावर ठेवला. "घ्या, पारखा."

लोहाराने तो नुसता तोलला. "हलका आहे. खिडक्यांच्या चौकटींचं अ‍ॅल्युमिनियम."

"वा! म्हणजे डोकं अजून ठिकाणावर आहे. असले गोळे बघून लोक सकाळपासून ओरडताहेत, तुळया वितळल्या, इमारत पडणार. अहो, लोखंड वितळायला माझी भट्टी लागते. चार गठ्ठे कापडाचं ते काम नव्हे."

"वितळलं नाही, कबूल."

"मग भांडण मिटलं!"

"मिटलं कसं? माझ्या ऐरणीवर लोखंड एकदाही वितळलं नाही, व्याहीबुवा. तरी मी म्हणेन तसं वाकलं. लाल झालं की त्याचा ताठा संपतो."

"तुळया वाकल्यात, हे आंधळ्यालाही दिसतंय. पण वाकून का होईना, तगल्या ना? आता तर निवल्या. लोखंड निवलं की त्याला बळ परत येतं, हे लोहाराला मी सांगायचं?"

बोलणे खरे होते, तरी लोहाराच्या काळजात काहीतरी खुपत राहिले. त्याला लाकडी चाकांवर चढवलेल्या लोखंडी धावा आठवल्या. तापलेली धाव सैल असते, गरीब गाईसारखी चाकावर बसते. पाणी ओतले की ती आवळू लागते आणि लाकूड कण्हते. एकदा घाईत त्याने धाव आखूड केली होती. विस्तव विझल्यावर, सगळे हुश्श करून बसल्यावर, चाकाचे आरे एकामागून एक मोडले होते.

"एक सांगा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही साचा मापापेक्षा मोठा का करता?"

"हा काय प्रश्न झाला? धातू निवताना आखडतो म्हणून. शेंबडं पोरसुद्धा..."

ओताऱ्याचे वाक्य तिथेच राहिले. त्याने गोदामाकडे पाहिले. त्या आखडणाऱ्या तुळयांची टोके खांबांना बोल्टांनी जखडलेली होती.

"सूनबाई, फोन लाव त्याला. लवकर."

फोन लागला, तिने तो स्पीकरवर टाकला. आवाज प्रसन्न होता. "तिसऱ्या मजल्यावर आहे. काळजी करू नका. तुळईला हात लावलाय, अगदी गार पडलीये."

"हात काढ आणि आधी खाली ये!"

"बाबा, काल तुम्हीच म्हणालात ना, वितळलं नाही म्हणजे धोका नाही? मी तसंच लिहिलंय."

तेवढ्यात वरून टणत्कार झाला. फोनमधूनही तोच आला. बोल्ट तुटला होता. क्षणभराने दुसरा तुटला.

"जावईबापू, जिना!" लोहार ओरडला. "काही विचारू नका, पळा!"

फोनमधून धावत्या पावलांचा आवाज येऊ लागला. वर टणत्कार होतच होते, आता अधिक जवळजवळ. लोहाराने मुलीचा दंड घट्ट धरून ठेवला होता, ती फाटकाकडे ओढ घेत होती, आणि आयुष्यात प्रथमच ओतारी आपल्या व्याह्याला विचारत होता, "पोचेल ना हो? तुम्ही सांगा, पोचेल ना?"