जशी कारखान्यातून निघाली तशी

क्लिफर्ड हेगला त्या रविवारी शाबासकीची काही कमतरता नव्हती. थॉर्नबेकच्या गुरांच्या बाजाराच्या मैदानात वर्षातून एकदा जुन्या बसगाड्यांचा मेळा भरायचा आणि यंदा सकाळपासून सगळी गर्दी त्याच्याच हिरव्या बसभोवती घोटाळत होती. सत्तरीकडे झुकलेले बाप्ये चिखलात गुडघे टेकून चाकांच्या आत डोकावत होते. त्यांच्या बायका आपापल्या गाड्यांत बसून थर्मासमधला चहा पीत नवऱ्यांची वाट बघत होत्या. ती त्यांनी उभा जन्म अशीच बघितली होती. क्लिफर्ड हातात फडकं घेऊन उभा होता आणि कुणी बॉनेटवर बोट टेकवलं की लगेच पुसत होता. लक्ष मात्र सगळं फाटकाकडे. त्याची थोरली बहीण एडना आज बस बघायला येणार होती.

जवळजवळ वीस वर्षं तो त्या बसच्या मागे होता आणि एवढ्या काळात एडनानं त्याच्या शेडमध्ये एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. "पुरी झाली की सांग. मोडकी मला दाखवू नकोस," एवढंच ती म्हणाली होती, आणि एडना एकदा बोलली की बोलली. आज ती येणार, बसला हात लावणार आणि म्हणणार, "हो रे, हीच आमची गाडी." एवढ्या चार शब्दांसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. बाकी जगानं डोक्यावर घेतलं काय आणि पायदळी तुडवलं काय, त्याला सारखंच होतं. निदान त्या दिवशी तरी.

ती बस खरोखरच एडनाची होती. एडना तिच्यावर कंडक्टर होती आणि तिचा नवरा विल्फ ड्रायव्हर. थॉर्नबेक ते वर खाणीच्या गावापर्यंत दोघं दिवसभर एकाच गाडीत असायची, पण बोलायची सोय नव्हती. तेव्हाच्या बसमध्ये ड्रायव्हर पुढे इंजिनाशेजारच्या खोपटात एकटा कोंडलेला, त्याचं दार बाहेरून, आणि उतारूंच्या बाजूला नुसती काच. एडना दोरी ओढून घंटी वाजवायची. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. संसाराचं सगळं बोलणं त्या घंटीवर चालायचं. सकाळी घरी काही बिनसलेलं असलं तर दोन घंट्या अशा वाजायच्या की उतारू एकमेकांकडे बघून हसायचे आणि विल्फची मान खांद्यात जायची. लहानगा क्लिफर्ड शाळा सुटली की काचेमागची पहिली सीट पकडायचा. मेहुण्याची रुंद पाठ, टोपी आणि स्टिअरिंगवरचे लालभडक हात बघत फुकट फेऱ्या मारायचा. मोठेपणी त्यानं गिरणीत यंत्रांची चित्रं काढायची नोकरी केली, पण मन त्या पहिल्या सीटवरून कधी उठलंच नाही.

चौसष्टच्या थंडीत विल्फ गेला. डेपोतच, टोपी खुंटीला अडकवता अडकवता. एडनानं आठवड्याच्या आत त्याचे कपडे, बूट, पाइप, सगळं चर्चच्या विक्रीला देऊन टाकलं. घरात त्याचा वास नको म्हणाली. महिन्याभरात तिला आपली चूक उमगली आणि विक्रीत कोट घेतलेल्या माणसाच्या दारात ती जाऊन उभी राहिली, पण कोट तोवर दुसऱ्या गावी गेला होता. त्यावर ती पुढे कधी ब्र काढत नसे. बसही भंगारात निघाली आणि पुष्कळ वर्षांनी क्लिफर्डला ती एका शेतात सापडली. आत कोंबड्या होत्या.

त्यानं ती आणली तेव्हा मनात एडनाच होती, हे खरं. पण हा नादच वाईट. जुन्या बसवाल्यांच्या मंडळात एक नियम आहे, लिहिलेला नाही पण धर्मासारखा पाळतात: गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी झाली पाहिजे. त्यानंतर तिच्यावर जे जे चढलं ते सगळं मळ. मंडळाचा अध्यक्ष रेमंड ओल्डरॉइड तर असा नाकानं कांदे सोलणारा की स्क्रूच्या खाचा एका दिशेला नसल्या तर त्याला जेवण जात नसे. त्याच्या संगतीत क्लिफर्डही तसाच झाला. कारखान्याची जुनी रेखाचित्रं मिळवली. आतल्या दिव्याची एक काच मिळेना म्हणून सहा वर्षं थांबला. गावातली म्हातारी माणसं शेडमध्ये येऊन म्हणायची, "अरे, इथे एक आरसा होता," किंवा "दाराशी पोरांसाठी खालचा दांडा लावला होता." क्लिफर्ड समजुतीनं हसायचा आणि म्हणायचा, "तो नंतरचा."

एडना आली ती साध्या सरकारी बसनं, अर्धा तास उशिरा. डोक्यावर निळी टोपी, हातात मोजे, काखेत पर्स.

"आताचे ड्रायव्हर," ती येताक्षणी म्हणाली, "वळणावर बटाट्याची पोती टाकतात तसे आम्हाला टाकतात. विल्फनं अशी गाडी हाकली असती तर मी त्याला घरी उपाशी ठेवला असता. हं, कुठाय तुझी बस?"

"ही काय, समोर."

एडनानं बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"ही? हिरवी?"

"हिरवीच होती, एडना."

"कुणाची? आमची मरून रंगाची होती. खाली मरून, वर दुधी. माझ्या युनिफॉर्मला रंग लागलाय तिचा, मला सांगतोस?"

"तो नंतर दिला, बावन्नला कंपनी विकली गेली तेव्हा. कारखान्यातून निघाली तेव्हा हिरवी होती."

"कारखान्यातून निघाली तेव्हा तिला ओळखत कोण होतं?" एडना म्हणाली.

यावर द्यायला क्लिफर्डकडे उत्तर होतं, मंडळाच्या मासिकात त्यानं ते दोनदा छापलंही होतं, पण आत्ता त्यानं ते बाजूला ठेवलं. त्यानं तिचा हात धरून तिला आत चढवलं. एडना मधल्या वाटेनं सीटांच्या पाठींना एकेक करून शिवत पुढे गेली. तोल सांभाळायला नव्हे. गाडी उभी होती. जुनी सवय असणार.

"कापड मूळचं आहे," क्लिफर्ड मागून म्हणाला. "म्हणजे मूळच्या तुकड्यावरून नवीन विणून घेतलं. हडर्सफील्डच्या गिरणीत."

"सुंदर आहे हो. बूड टेकायला भीती वाटते." ती तरीही टेकली, त्याच्याच पहिल्या सीटवर. "काय रे, इथे काचेवर मी पट्टी चिकटवली होती. उन्हानं विल्फची मान भाजायची म्हणून."

"ती..."

"नंतरची. कळलं." ती हसली, आणि ते हसणं बघून क्लिफर्डला जरा धीर आला. एडना टोमणे मारत होती म्हणजे खुशीत होती. लहानपणापासून तिचं असंच. "फार कष्ट केलेस पोरा. आई असती तर म्हणाली असती, एवढे कष्ट बायको मिळवायला केले असतेस तर आज घरी कुणीतरी असतं. असो. मला विल्फची जागा दाखव."

"चढायला उंच आहे तुला."

"चढत नाही. नुसतं दार उघड."

दोघं उतरून पुढच्या बाजूला आली. क्लिफर्डनं ड्रायव्हरचं छोटं दार उघडलं. आत सगळं लखलखीत होतं. पितळ, काळं रबर, तिन्ही पेडल कारखान्याच्या चित्रातल्यासारखी. एडनानं उजव्या हातातला मोजा काढला, पर्स त्याच्याकडे दिली आणि वाकून डाव्या पेडलकडे हात नेला. हात तिथेच थांबला.

"ठोकळा कुठाय?"

"कसला ठोकळा?"

"क्लचवरचा. विल्फचा." ती वाकलेलीच होती. "त्याचा डावा पाय आखूड नव्हता का? लढाईत मोडलेला? क्लच पुरा दाबला जायचा नाही. मग डेपोतल्या सुतारानं त्याला पेडलवर बसवायला लाकूड करून दिलं. साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही. त्याच्या बुटानं त्याला मधोमध वाटीसारखा खळगा पडला होता. रोज संध्याकाळी मी पुसायची."

क्लिफर्डची नजर त्या नुसत्या पेडलवर गेली. मेहुणा लंगडतो हे त्याला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण पहिल्या सीटवरून त्यानं आयुष्यभर पाहिली ती पाठ. पाय काही त्या काचेतून दिसत नव्हते.

"तो आहे ना?" एडना सरळ झाली. "इथे लावला नसशील, तुमचं ते कारखान्याचं असतं, माहितेय मला. माझी काही तक्रार नाही. पण मला तो एकदा हातात घ्यायचाय. त्याचं म्हणून माझ्याजवळ काहीच नाही, क्लिफ. सगळं मीच देऊन बसले. हे तेवढं मला देता आलं नाही, कारण ते बसमध्ये होतं. आणि बस तुला सापडली, तेव्हा मी म्हटलं, सुटले. हा तर स्क्रूसुद्धा टाकत नाही."

"घरी आहे," क्लिफर्ड म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला कळलं की आपण खोटं बोललो.

"देवा रे," एडना म्हणाली आणि तिचे डोळे भरले. थोरल्या बहिणीला रडताना त्यानं विल्फच्या मातीलाही पाहिलं नव्हतं. "मग उद्या घेऊन ये. नको, आजच येते मी तुझ्याबरोबर."

"आज नको. शोधावा लागेल. उद्या आणतो."

उद्यापर्यंत होण्यासारखं होतं. बीच झाडाच्या लाकडाचा तुकडा घरात पडला होता. बोल्टांची भोकं कुठे होती हे त्याला अजून आठवत होतं. मधे खळगा कोरायचा, इंजिनाच्या तेलात भिजवायचा, बुटाच्या टाचेनं घासायचा. जुन्यासारखं नवं करण्यात साऱ्या यॉर्कशरमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एडना तो उशाशी ठेवून झोपली असती आणि मरेपर्यंत तिला कळलं नसतं.

तेवढ्यात रेमंड ओल्डरॉइड गर्दीतून वाट काढत आला, काखेत पहिल्या बक्षिसाचा चांदीचा पेला.

"घे रे बाबा! एकमतानं! परीक्षक म्हणतात, या गाडीत खोटं म्हणून काही सापडायचं नाही." त्यानं एडनाकडे बघून टोपी उचलली. "तुमचे बंधू ना? फार प्रामाणिक माणूस. कोंबडीखान्यातून काढली तेव्हा काय अवस्था होती! काय काय ठोकून ठेवलं होतं लोकांनी. सगळं काढून टाकलं यांनी."

"टाकलं?" एडना म्हणाली.

"जुना कचरा हो." रेमंडनं पेला क्लिफर्डच्या हातात कोंबला, त्याची पाठ थोपटली आणि फोटोवाल्याला शोधायला निघून गेला.

एडना क्लिफर्डकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. त्यानं काहीतरी सांगून सावरून घ्यावं म्हणून ती वाट बघत होती, आणि त्यानं काहीही सांगितलं असतं तरी तिनं ते मानलं असतं. एका काखेत बहिणीची पर्स आणि हातात पेला घेऊन तो उभा होता. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"एडना, तो घरी नाही."

"मग?"

"मला वाटलं, त्या शेतकऱ्यानं काहीतरी ठोकलंय. चित्रात नव्हता तो. माझ्या मनातच आलं नाही गं. पहिल्याच हिवाळ्यात काढला आणि..." त्यानं पेला खाली ठेवला. "शेडमधल्या शेगडीत घातला. जाळला मी तो."

पलीकडे कुणीतरी जुनं इंजिन चालू केलं आणि लोक टाळ्या वाजवत तिकडे धावले. एडनानं ओरडावं, पर्स हिसकावून चालू पडावं, असं क्लिफर्डला मनापासून वाटत होतं. तिनं यातलं काही केलं नाही. उघड्या दारातून तिनं पुन्हा एकदा आत हात घातला आणि चकचकीत पेडलवर तळवा ठेवला. गार लागलं असावं, कारण तिनं तो लगेच मागे घेतला. मग ती बोटं एकेक करून मोज्यात घालू लागली.

"थंडी फार होती का रे तेव्हा?" तिनं विचारलं.

"फार होती."

"मग तुझे हात तरी शेकले ना त्यावर?"

क्लिफर्ड हो म्हणाला. ते खरं होतं.