डाव्या बाजूचं माप

चंद्रकांता पोह्यांचा ट्रे घेऊन अंगणात आली तेव्हा तिला पाहायला आलेली माणसं खुर्च्यांवर ऐसपैस बसली होती, त्यांची जुनी लँडमास्टर जॅकवर चढली होती, आणि तिचे वडील त्या गाडीखाली आडवे होते.

गिरीजच्या वाडीत नारळींखालीच तिच्या वडिलांचं, आत्मारामचं गॅरेज. वसईचे भालचंद्रराव आले ते मुलगी पाहायला आणि बसल्या बसल्या काम काढलं गाडीचं. "आलोच आहोत तर पुढची डावी बाजू बसलीय, तेवढी उचलून द्या, मिस्त्री. आता घरचंच काम." स्थळ हातचं जाऊ नये म्हणून आत्माराम नव्या शर्टानिशी गाडीखाली शिरला. चंद्रकांताला त्या 'घरचंच'ची शिसारी आली.

भालचंद्रराव तोंडात घास ठेवूनच बोलत होते. मिशीत ओल्या खोबऱ्याचा कीस अडकला होता. त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, चंद्रकांताचा हात उलटासुलटा करून नखांत ग्रीस आहे का ते पाहिलं. मुलगा दिवाकर बोटावर किल्ली फिरवत बसला होता.

या गाडीची पुढची बाजू पिळाच्या लोखंडी दांड्यांवर तोललेली असते. दांड्याच्या मागच्या टोकाला दाते; एक दाता सरकवून बसवला की ती बाजू वर येते. आत्मारामने दाता सरकवला, गाडी उतरवली, बॉनेट दाबून झुलवली आणि उंची मोजायला मडगार्डला पट्टी लावली.

"रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं?" भालचंद्रराव म्हणाले. "डावीकडे आता हीच बसणार. हिला बसवूनच घ्या की."

"बस गं," यशोदाबाई म्हणाल्या. "लाजतेस काय?"

चंद्रकांताने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. ती बसली. सीटला तंबाखूचा आणि शिळ्या तेलाचा वास होता. बाहेर सगळे मडगार्डकडे टक लावून बघत होते, वसईच्या बाजारात काट्यावर चढवलेल्या केळीच्या घडाकडे बघतात तसे.

"बघा, बसली थोडी," भालचंद्रराव वाकून म्हणाले. "आणखी वर घ्या. लग्नानंतर बायका जड होतातच, ते आताच धरून ठेवा. परत परत कोण खोलत बसणार?"

दिवाकर हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

आत्माराम पट्टी धरून उकिडवाच राहिला. मग उठून त्याने गाडीचं दार उघडलं.

"उतर, चंदा."

त्याने पुन्हा जॅक लावला आणि पुन्हा खाली शिरला. यशोदाबाईंनी आणखी चहा मागितला. चंद्रकांता उतरून गाडीपाशीच उभी होती; ती जागची हलली नाही. दाता खट्कन बसल्याचा आवाज आला. जॅक उतरला आणि गाडी आली होती तशीच डावीकडे कलून उभी राहिली.

"अहो मिस्त्री, ही तर होती तशीच."

"तशीच न्या," आत्माराम हात पुसत म्हणाला. "त्या बाजूला आमचं कोणी बसणार नाही."