उठता भार

हिंजवडीच्या भैरूने रान कंपनीला दिलं आणि उरलेल्या तुकड्यावर असा बंगला बांधला, की अख्ख्या घराला मिळून एकच मोठा एसी. पैसा बोलतोय, असं गाव म्हणालं. बोलेना का! बायकोला, मुक्ताबाईला दमा होता. उकाड्यात तिचा श्वास अडायचा आणि भैरूचा जीव टांगणीला लागायचा.

पण लोडशेडिंगपुढे एसीचं काय चालणार? म्हणून मुलाने, पियुषने, जनरेटर आणला. पण एसी सुरू व्हायला गेला की जनरेटरही आचके देऊन बंद पडायचा.

शेवटी जनरेटरच्या दुकानाने आम्रपाली नावाची इंजिनिअर पाठवली. वीज होती तेव्हाच तिने एसीच्या तारेला, किती वीज ओढली जाते ते दाखवणारं चिमट्याचं मीटर लावलं आणि एसी चालू करायला सांगितलं. आकडा उसळून शंभराच्या वर गेला आणि पापणी लवायच्या आत विसावर येऊन बसला. भैरू थक्क झाला. चालायला एवढंसं, आणि जागचं उठायला एवढं! भरलेली बैलगाडी चिखलातून काढताना पहिला हिसका कसा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. पण या गार झुळकीच्या पोटातही तोच हिसका असेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हा धक्का धरूनच जनरेटर निवडलाय, तो पुरायला हवा, असं आम्रपाली म्हणाली. दुपारी लाईट गेल्यावर तिने जनरेटर लावून पाहिला. एसी उठायला आणि बंगल्यामागे पाणी पडल्याचा आवाज यायला एकच गाठ पडली. लगेच जनरेटर बंद.

विहिरीची मोटर! लाईट कधीही यायची, म्हणून भैरूने तिला वर्षानुवर्षं ऑटो लावलेला. लाईट आली की मोटर आपसूक सुरू. आता ही लाईट सरकारची की जनरेटरची, हे मोटरला काय कळणार?

"काका, एका वेळी दोघं नाही उठणार," आम्रपाली म्हणाली.

भैरूची नजर बंगल्यामागे गेली. रान गेलं, तरी विहिरीकाठी वांग्याचे चार वाफे त्याने राखले होते. शेतकरी म्हणवून घ्यायला तेवढंच उरलं होतं. तो उठला आणि स्वतःच्या हाताने ऑटो काढून आला.

पुन्हा जनरेटर लावला. एसी उठताना जनरेटरचा आवाज खोल गेला, कण्हला, आणि सावरून एका लयीत चालू लागला. खोलीत गारवा उतरला. डोळे मिटून धापा टाकत पडलेल्या मुक्ताबाईची छाती हळूहळू शांत झाली. भैरू देवापुढे उभं राहावं तसा तिच्यापुढे उभा होता.

तिने डोळे उघडले. "अवो, वांग्यास्नी पाणी?"

"वांगी थांबत्याली," भैरू म्हणाला. "तू श्वास घे."