लोकरीचं वजन

मी एक जुना वजनकाटा, स्वयंपाकघरातला. गोल तबकडी, तिच्यावर एकच काटा, डोक्यावर खोलगट पारडं. खाली एक छोटं चाक आहे. ते फिरवलं की काटा शून्यावर येतो. त्या चाकाबद्दल पुढे बोलायचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

हल्ली मी दिवाणखान्यात, पुस्तकांच्या फळीवर असतो. शेजारी चहाचा पत्र्याचा डबा. त्यात चहा नाही. पलीकडे कॉफी दळायचं यंत्र. त्याला मूठ नाही. बिस्किटांच्या डब्यावरची बाई अजून हसते आहे, कशाला ते तिलाच ठाऊक. माझ्या पारड्यात वाळकी फुलं ठेवली आहेत. आला-गेला म्हणतो, "अय्या, किती गोड!" मला तोंड लपवावंसं वाटतं. पण माझं तोंड म्हणजे ती तबकडी, आणि ती सगळ्यांसमोर.

पूर्वी मी कामाचा होतो. माझी मालकीण घरी केक करून बेकरीला द्यायची. आधी रिकामं भांडं माझ्यावर ठेवायची, चाक फिरवून काटा शून्यावर आणायची, मगच पीठ. कधी चुकली नाही. नवरा चिडवायचा, "मला हाक मारण्याआधीही ते चाक फिरवत जा. कालचं भांडण तरी वजा होईल."

मग त्यांना मुलगी झाली. दिवस भरण्याआधीच आली, ओंजळीत मावेल एवढी. लाडाचं नाव ठकी. नर्सने बजावलं होतं, "दर आठवड्याला वजन बघा. वाढलं नाही तर लगेच घेऊन या." दवाखाना लांब होता आणि मी घरातच होतो.

पहिल्या रविवारी पारड्यात टॉवेल घातला, चाक फिरवलं, मग ठकीला ठेवलं. सगळं रीतसर. पुढे थंडी पडली. टॉवेलवर फलालीनचं ऊबदार कापड आलं, त्यावर लोकरीची शाल, मग टोपडं, मोजे. एका हातात मूल धरलेलं, दुसऱ्या हाताने त्याच्याभोवती लोकर खोचायची. चाक राहून गेलं. पिठाच्या बाबतीत कधी न चुकलेली बाई पोटच्या पोरीच्या बाबतीत चुकली.

"अहो, बघा! शंभर ग्रॅम वाढली!"

घर आनंदून जायचं. मी मात्र सगळं मिळून सांगतो. लोकर किती आणि जीव किती, ते वेगळं काढणं मला येत नाही. पण लेकराची वळवळ कमी होत होती, ती मला जाणवत होती. तरी मी काटा पुढेच दाखवत राहिलो.

सहाव्या आठवड्यात ठकी रडेनाशी झाली. सगळे म्हणाले, शहाणी झाली. आई मात्र घाबरली आणि तिला घेऊन दवाखान्यात पळाली. डॉक्टर म्हणाले, "आधी कपडे काढा." उघडी केली तर नुसत्या बरगड्या. वजन जन्मापेक्षाही कमी. महिनाभर तिथे राहून पोर वाचली.

मालकिणीने मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं. वजन कसं चुकलं ते घरात कुणाला सांगितलं नाही.

तीस वर्षांनी माळा आवरताना ठकीला मी सापडलो. तिने मला घासूनपुसून आपल्या घरी फळीवर बसवलं. "आई मला ह्याच्यात तोलायची," हे वडिलांकडून ऐकलेलं ती प्रत्येक पाहुण्याला सांगते. आई आली की माझ्याकडे पाठ करून बसते.

गेल्या महिन्यात ठकीने फुलं काढली आणि आपलं दोन महिन्यांचं बाळ दुलईसकट माझ्या पारड्यात ठेवलं.

"आई, फोटो काढ ना. मला ठेवायचीस तस्सं."

"ठके, उचल त्याला."

"अगं, धरलंय मी, पडत नाही. आणि बघ तरी, काटा कुठे गेला! चांगलाच भरलाय लबाड!"

आईने दुलईचं टोक चिमटीत धरलं. "दुलईचं वजन आहे ते," म्हणाली. मग सगळं सांगितलं. "तू उपाशी होतीस, ठके. माझं दूध पुरत नव्हतं. आणि मी काट्याकडे बघून टाळ्या वाजवत होते."

ठकीने बाळाला उचलून छातीशी धरलं. मग म्हणाली, "म्हणून पाठ करून बसतेस होय? मला वाटलं, तुला माझी सजावट आवडत नाही."

"तीही नाही आवडत," आई डोळे पुसत म्हणाली.

"काढून टाकू ह्याला?"

"राहू दे. पण लोकांना सांगशील तर पुरतं सांग."

परवा पाहुणे आले. एक बाई म्हणाल्या, "किती गोड!" ठकीने सांगायला सुरुवात केली, पण टोपड्यापर्यंत आली आणि आईकडे बघू लागली. उरलेलं आईने सांगितलं, माझ्याकडे तोंड करून. त्या बाईंनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

इतक्या माणसांत माझी चूक बोलली गेली. आता गंज चढून तबकडी झाकली गेली तर बरं, असं वाटतं. तुमच्या घरी तान्हं मूल असेल तर या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. त्याला उघडं करून तोला. थंडी वाजेल, ते रडेल. रडू द्या.