काचेवरचे पांढरे दोरे

देवमन तायडे आपल्या मूर्खपणाची गोष्ट सांगायला बसला की आधी भिंतीवरच्या तक्त्याला शिव्या घालायचा. अमरावतीच्या कॉलेजात तो प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. प्राध्यापक शिकवतात ते पोरांना दाखवायचं, हे त्याचं काम. दाखवायला होता तक्ता. त्यावर हायड्रा हातभर उंच, हिरवागार, डोक्यावर सहा बोटं. समुद्रातल्या पोवळ्याचा हा गोड्या पाण्यातला भाऊबंद. अंगालाच कोंब फुटून पोर होतं, तुकडे केले तर तुकड्यातुकड्यातून नवा उभा राहतो. हे देवमन सात वर्षं घडाघडा सांगत आला होता. जिवंत हायड्रा मात्र त्यानं बापजन्मात पाहिला नव्हता.

चौसष्ट सालच्या फेब्रुवारीत विभागप्रमुख उत्तमरावांनी त्याला बोलावलं. "तायडे, नागपूरहून परीक्षक येताहेत. यंदा जिवंत हायड्रा पाहिजे. तुम्हाला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर पडलाय, एवढं ध्यानात ठेवा."

देवमन घरातला पहिला पगारदार. तिकडे बार्शीटाकळीला म्हातारा बाप अजून दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जात होता. ही नोकरी गेली तर कुणाला तोंड दाखवणार? त्यानं सायकल काढली. वलगावच्या विहिरी, नाले, डबकी, काही सोडलं नाही. हायड्रा नखाएवढाही नसतो हे त्याला तोंडपाठ होतं, पण डोळे तक्त्याचे. ते हिरवं आणि ठसठशीत काहीतरी शोधत राहिले. रिकाम्या हातानं कसं परतायचं म्हणून तो दर खेपेला थोडी पाणवनस्पती आणायचा आणि घरच्या काचेच्या पेटीत, गप्पी माशांच्या सोबतीला सोडायचा.

त्या पेटीच्या काचेवर पांढरे दोरे दिसायला लागले. देवमन स्वच्छतेचा भोक्ता. रविवारी विहारात जाण्याआधी नारळाच्या शेंडीनं काच खसाखसा घासायची, हा त्याचा नेम. पुढच्या रविवारी दोरे दुप्पट. तो आणखी जोरात घासायचा.

"अहो, काहून घासून राहिले?" त्याची बायको शालू म्हणाली. "जित्ते हायेत ते. एकानं गप्पीचं पिल्लू धरलं काल. अन् एकाच्या कमरेले लेकरू फुटून राह्यलं."

"बी.एस्सी. कोन झालं, तू का मी? बुरशी हाय ते."

परीक्षेच्या आदल्या सकाळी शालूनं वाटीत पाणी घेतलं, त्यात एक दोरा सोडला आणि वाटीशेजारी त्याचंच भिंग ठेवलं. देवमननं वाकून पाहिलं. सहा बोटं. कमरेला कोंब. गावाला वळसा घालून आलेल्या या शहाण्याचा कळसा काखेतच होता, आणि दर रविवारी तो तोच घासून काढत होता. घासून तुकडे होत, तुकड्यांचे हायड्रे होत. सात वर्षं पोरांना दुसरं काय शिकवलं होतं?

दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गापुढे परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. "वा! कुठं सापडले?"

"वलगावच्या विहिरीत, साहेब. काल," देवमन बोलून गेला. उत्तमराव शेजारी फुलून उभे होते.

"नजर चांगली आहे तुमची."

हे मात्र त्याला गिळवेना. गप्प बसला असता तर कागदावर सही ठरलेली. पण वाटीशेजारी ठेवलेलं ते भिंग डोळ्यांपुढून हलेना. "साहेब, खोटं बोललो. नजर माझ्या बायकोची आहे. मी तर घासत होतो."

"काय घासत होतात?"

"हायड्रा, साहेब. नारळाच्या शेंडीनं. म्हणूनच एवढे झाले."

उत्तमरावांचा चेहरा पडला. परीक्षक मात्र स्टूल धरून हसले, चष्मा काढून डोळे पुसले, आणि अहवालात ओळखणाऱ्याचं नाव लिहायला त्यांनी पेन उघडलं.

संध्याकाळी शालू दारातच उभी होती. "गेली का नोकरी?"

"नाही. परीक्षक हसले म्हनून उत्तमरावलेबी हसा लागलं. सही केली. म्हने, खरं बोलनारं गाढव सापडत नाही." देवमन मोठ्या ऐटीत पुढे म्हणाला, "अन् अहवालात तुह्यं नाव लिवलं."

"काय लिवलं?"

"सौ. तायडे."

शालू म्हणाली, "सौ. तायडे त तुमची मायबी हाय."

देवमनला त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी अख्ख्या वर्गापुढे वाटली नव्हती. त्यानं चप्पलही घातली नाही. सायकलवर टांग मारून तो स्टँडवर पोचला तेव्हा परीक्षकांची नागपूरची एसटी सुटत होती. सायकल टाकून तो गाडीसोबत धावला, खिडकी धरली आणि धापा टाकत ओरडला, "साहेब, नाव शालू हाय! शालू लिवा!"